मसल कारला नवे टायर घातले आणि गाडी बिघडली? साइज कुठे चुकली ते असं शोधा

मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं, म्हणून मसल कार (साठ-सत्तरच्या दशकातल्या, मोठ्या इंजिनाच्या अमेरिकन गाड्या) नोव्हेंबर ते एप्रिल गॅरेजात पांघरुणाखाली झोपतात. मे उजाडला की त्या बाहेर येतात. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक, असते, आणि तिथे जुनाट टायरांवर जायचं कुणालाच नको असतं. मग घाईघाईत टायर घेतले जातात आणि माझा फोन वाजू लागतो: "अरे, चारही नवे टाकले आणि गाडी आधीपेक्षा वाईट चालतेय."

मी मेकॅनिक नाही. सोमवार ते शुक्रवार ऑफिस, शनिवार-रविवार हात काळे. माझ्याकडे १९७० ची शेव्हेल मालिबू आहे (तिची तगडी आवृत्ती एसएस, ती नाही, साधीच), आणि तिला मी स्वतः दोनदा चुकीचे टायर घातलेत. त्यानंतर शेजाऱ्यांच्या आणि आपल्या मंडळातल्या मित्रांच्या गाड्यांवर हाच बिघाड इतक्या वेळा निस्तरला की आता फोनवरच अर्धं निदान होतं. तेच इथे लिहून ठेवतो, फुकट तपासण्या आधी आणि खर्चाच्या नंतर.

लक्षणं

स्टिअरिंग पूर्ण वळवून रिव्हर्स घेताना पुढून 'खर्रर्र' असा आवाज येतो. मागच्या सीटवर दोघे बसले की खड्ड्यात मागचं चाक मडगार्डच्या कडेला लागतं, आणि बहुतेक वेळा एकाच बाजूला. स्पीडोमीटर साठ दाखवतो, पण आजूबाजूच्या गाड्या भराभर पुढे जातात. हायवेवर गाडी सरळ राहत नाही, रस्त्यातल्या चरांच्या मागे धावते आणि स्टिअरिंग सतत सांभाळावं लागतं. पन्नास-साठ मैलांच्या वेगाला सीटखाली थरथर जाणवते. आणि एक गमतीचं लक्षण: वळणावर व्हीलकॅप उडून गटारात जाते.

यांतलं एकच लक्षण असेल तर कदाचित साइजचा दोष नसेल. दोन-तीन एकत्र दिसली आणि ती टायर बदलल्या दिवसापासून सुरू झाली असतील, तर पुढे वाचा.

आधी हवा बघा

हसू नका. दहातल्या तीन गाड्या इथेच बऱ्या होतात. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावर किंवा ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला कंपनीचा जुना तक्ता असेल, तर त्यावर २४ पीएसआयसारखा आकडा दिसतो. तो त्या काळच्या बायस-प्लाय टायरसाठी होता, म्हणजे ज्यात आतल्या दोऱ्यांचे थर तिरके असतात. टायरवाल्याने तो इमानेइतबारे वाचून रेडियलमध्ये (आजच्या, आडव्या दोऱ्यांच्या टायरमध्ये) २४ भरली की टायर लिबलिबीत होतो, कडा झिजतात आणि वळणावर साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) दुमडून मडगार्डला टेकते. साध्या पी-मेट्रिक (मोटारीच्या आजच्या मेट्रिक साइजच्या) रेडियलच्या साइडवॉलवर जास्तीत जास्त ३५ पीएसआय लिहिलेलं असतं. मी थंड टायरमध्ये ३० ते ३२ ठेवतो. सकाळी गाडी हलवायच्या आधी मोजा, पंपावर पोहोचल्यावर नाही.

त्याच वेळी गुडघ्यावर बसून चारही साइडवॉल वाचा, आतल्या बाजूच्यासुद्धा. डीओटीने सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि साल: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे. नक्षी कितीही कोरी करकरीत दिसो, त्यावर हायवेला जाऊ नका. अशा गाड्या वर्षाला पाचशे मैलही चालत नाहीत, त्यामुळे टायर झिजत नाही, वाळतो.

आणि एक बघा: चारही टायर एकाच जातीचे आहेत ना? साइजमध्ये 'आर' असेल तर रेडियल, नुसती आडवी रेघ असेल तर बहुधा बायस-प्लाय. पुढे एक जात आणि मागे दुसरी अशी गाडी मी एकदा चालवलीय, पुन्हा चालवणार नाही. दोघांची रस्ता धरायची पद्धतच वेगळी, आणि अचानक वळावं लागलं तर आधी कोणतं टोक सुटेल याचा भरवसा नसतो.

बायस-प्लाय नायलॉनचे असतील आणि थरथर फक्त सकाळी निघाल्यावर पहिले काही मैलच असेल, तर तो दोष नाही. रात्रभर उभं राहून टायरचा तळ सपाट होतो आणि गरम झाल्यावर गोल होतो. वडीलधाऱ्यांच्या सांध्यांसारखंच आहे ते.

जुनी साइज नीट वाचा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे थोडा वेळ थांबू.

या गाड्यांच्या काळात साइज लिहायची पद्धत दोनदा बदलली. सुरुवातीला नुसते आकडे होते. १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओवर ७.५०-१४, १९६६ च्या शेव्हेल एसएस ३९६ वर ७.७५-१४. पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत, दुसरा रिमचा व्यास. आपल्याकडे हे अनोळखी नाही. बाबांच्या पद्मिनीला ५.२०-१४ लागायचे आणि काकांच्या ॲम्बेसेडरला ५.९०-१५, तीच ही भाषा. यात उंचीचं प्रमाण लिहिलेलंच नसतं. ते टायर आजच्या मानाने उंच आणि अरुंद असत.

मग १९६७-६८ च्या सुमारास अक्षरं आली: ई७०-१४, एफ७०-१४, एफ६०-१५. इथे अक्षर रुंदीचं नाही, वजन पेलण्याच्या ताकदीचं आहे. ई पेक्षा एफ जास्त पेलतो, एफ पेक्षा जी. ७० म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या सत्तर टक्के. १९७० च्या शेव्हेल एसएसला एफ७०-१४ होते, सात इंची रिमवर. १९६९ च्या मस्टँग बॉस ३०२ ला एफ६०-१५. त्या वर्षीच्या कॅमेरो झेड/२८ ला ई७०-१५.

सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतर आजची पद्धत आली, २१५/७०आर१४ वगैरे. आता जुन्यातून नव्यात यायचं, तर मी वापरतो ते जवळचे जोड असे: ई७०-१४ ला २०५/७०आर१४, एफ७०-१४ ला २१५/७०आर१४ किंवा २२५/७०आर१४, एफ६०-१५ ला २३५/६०आर१५. 'जवळचे' म्हणतोय, हुबेहूब नाही.

चूक कशी होते ते ऐका. मित्राची १९६६ ची शेव्हेल. कागदावर ७.७५-१४. त्याने ७.७५ ला २५.४ ने गुणलं, उत्तर आलं १९७ मिलिमीटर, म्हणून १९५/७०आर१४ मागवले. गणित बरोबर, टायर चूक. नवा टायर पावणेपंचवीस इंच उंच आणि जुना सव्वीसच्या पुढचा. गाडी बसकी झाली, मोकळ्या रस्त्यावर इंजिन केकाटायला लागलं, आणि मुख्य म्हणजे वजनाची ताकद घटली. त्या टायरचा लोड इंडेक्स ९०, म्हणजे एका टायरमागे ६०० किलो. २१५/७०आर१४ चा ९६, म्हणजे ७१०. बिग ब्लॉक, म्हणजे मोठं अवजड इंजिन नाकावर घेऊन फिरणाऱ्या गाडीला हा फरक परवडत नाही. त्याला २०५/७५आर१४ हवा होता, तो २६.१ इंच भरतो.

हिशेब शाळकरी आहे. रुंदी गुणिले प्रमाण, त्याची दुप्पट, भागिले २५.४, त्यात रिम मिळवा. २१५/७०आर१४: २१५ चे सत्तर टक्के १५०.५, दुप्पट ३०१, इंचांत ११.८५, अधिक १४, म्हणजे २५.८५. पाच मिनिटांचं काम, पण मूळ टायर आणि नवा टायर दोघांचं करा. मी आधी उंची जुळवतो, मग वजनाची ताकद बघतो, आणि रुंदीचा विचार सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक नेमके उलटे जातात, कारण फोटोत रुंदी दिसते.

फोन लावून स्पीडोमीटर तपासा

मोकळ्या रस्त्यावर शेजारी कुणाला तरी बसवा, फोनवर जीपीएसचा वेग लावा आणि गाडीचा काटा साठवर धरा. फोन ६३-६४ दाखवत असेल तर टायर सुमारे सहा टक्के उंच आहे, ५६ दाखवत असेल तर तितकाच बुटका. पन्नास वर्षांच्या केबलवाल्या स्पीडोमीटरचा स्वतःचाही गोंधळ असतो, पण जुन्या टायरवर तो बरोबर होता आणि नव्यावर चुकतोय, तर दोष टायरच्या उंचीचा.

एवढं साधं असलं तरी याचा परिणाम काट्यापुरता नाही. एका गृहस्थांनी हौसेने मागे ३.७३ चा (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.७३ फेरे) डिफरन्शियल गिअर बसवून घेतला, चांगले पैसे मोजून. मग २६.१ इंचांच्या जागी २८ इंची टायर लावले, आणि तो गिअर चाकाशी ३.४८ सारखा वागायला लागला. वर तक्रार अशी की गाडी पहिल्यासारखी उसळत नाही!

उंची तीच ठेवायची असेल आणि काटा थोडाच चुकत असेल, तर गिअरबॉक्सच्या शेपटाकडचा स्पीडोमीटरचा छोटा प्लास्टिक गिअर बदलता येतो. स्वस्त असतो. त्यासाठी टायर बदलू नका.

नेमकं कुठे घासतंय

आता थोडे कपडे मळवायचे. मडगार्डच्या आतल्या कडेला आणि आतल्या भिंतीला खडू फासा, मागे दोन माणसं बसवा आणि रिकाम्या पार्किंगमध्ये हळू फिरवा: दोन्हीकडे पूर्ण वळण, एखादा गतिरोधक. मग टॉर्च घेऊन बघा खडू कुठे पुसलाय. नुसतं घासत नसून जवळून जातंय का हे बघायचं असेल तर मी कणकेचे छोटे गोळे चिकटवतो. जिथे गोळा चपटा होतो तिथे किती जागा उरली ते सरळ मोजता येतं. (घरी विचारून घ्या. मी पोळ्यांची कणीक उचलली होती, त्याबद्दल अजून ऐकून घेतो.)

टायरवरची खूण काय सांगते? बाहेरच्या खांद्यावर ओरखडा असेल तर चाक जास्त बाहेर आलंय किंवा टायर उंच आहे. आतल्या साइडवॉलवर चकचकीत पट्टा असेल तर चाक जास्त आत गेलंय आणि पाट्याला, चॅसिसला किंवा पुढे स्वे-बारला (गाडी कलू न देणाऱ्या दांड्याला) लागतंय. मागे ब्रेकचा पाइप कुठून गेलाय तेही बघून घ्या. टायर पाइपाला लागत असेल तर गाडी तिथेच उभी करा.

एकाच बाजूला घासत असेल तर टायरला शिव्या घालायच्या आधी सपाट जमिनीवर चारही मडगार्डांची कड जमिनीपासून मोजा. एका बाजूची स्प्रिंग किंवा पाटा बसला असेल तर ती बाजू खाली दिसेल. मग मागचं ॲक्सल मध्यावर आहे का ते बघा: दोन्हीकडे टायरपासून मडगार्डपर्यंतचं अंतर मोजा. या गाड्यांत पाव-अर्धा इंचाचा फरक मी सर्रास पाहिलाय. त्या काळी कारखान्यात इतक्या बारकाईने कुणी बघत नव्हतं, आणि पुढच्या पन्नास वर्षांत कुणी ना कुणी गाडी ठोकलेली असतेच. म्हणून टायर निवडताना अरुंद बाजूचं माप धरा.

रिम काढून मोजा

जॅकवर चढवण्याआधी चाकाला अडण लावा, आणि गाडी उचलल्यावर जॅकस्टँड ठेवा. नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालू नका.

आणि प्लिमथ, डॉज वाल्यांनो, थांबा. १९७० पर्यंतच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. स्टडच्या टोकावर 'एल' कोरलेलं असतं. नट निघत नाही म्हणून एका भल्या माणसाने इम्पॅक्ट गन लावून रोड रनरचे तीन स्टड मोडले. तो भला माणूस मीच.

रिमची रुंदी टायर जिथे बसतो त्या आतल्या कडांमध्ये मोजायची. बाहेरून मोजली तर साधारण एक इंच जास्त येते, आणि सातची रिम आठची वाटते. जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) लोखंडी रिमवर हवा भरायच्या व्हॉल्व्हच्या छिद्राजवळ दोन अक्षरी कोड असतो, त्यावरून मूळ माप ताडून बघता येतं. मग टायरला ती रुंदी चालते का बघा: २१५/७०आर१४ ला साडेपाच ते सात इंच, २३५/६०आर१५ ला साडेसहा ते साडेआठ, २७५/६०आर१५ ला साडेसात ते साडेनऊ. अरुंद रिमवर रुंद टायर कोंबला की तो मध्ये फुगतो, रस्त्यावर मधलाच पट्टा टेकतो, आणि वळणावर गाडी डुलते. रुंद दिसण्यासाठी पैसे दिले आणि पकड मात्र कमी मिळाली, असा तो सौदा.

पुढचं माप बॅकस्पेसिंग. चाक दर्शनी बाजू खाली करून पालथं ठेवा, मागच्या कडेवर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासून जिथे चाक हबला टेकतं त्या सपाट भागापर्यंतचं अंतर घ्या. सात इंची रिमला हे चार इंच असेल तर चाक बरोबर मध्यावर बसतं. आठ इंचीला साडेचार. त्यापेक्षा कमी असेल तितकं चाक बाहेर सरकतं.

एका १९६९ च्या कॅमेरोची गंमत यातच होती. आठ इंची रिम, बॅकस्पेसिंग पावणेचार, वर २७५/६०आर१५. टायरची रुंदी पावणेअकरा इंचांच्या आसपास, त्याचा निम्मा भाग बाहेर, वर पाऊण इंच रिमचा. सात इंची रिमवरच्या २३५/६० पेक्षा बाहेरची कड दीड इंच पुढे आणि टायर जवळजवळ दोन इंच उंच. मालकाचा आग्रह होता की मडगार्डची कड ठोकून वर करू. आम्ही तिथे २३५/६० लावला आणि विषय संपला. तो अजून म्हणतो की मागून गाडी भरीव दिसत नाही. दिसत नाही, खरंय.

चाक दुसऱ्या गाडीचं घेतलं असेल तर नटांचं वर्तुळ मोजा. शेव्हेल, कॅमेरो आणि जीटीओला पाच नट, पावणेपाच इंचांवर. मस्टँग व्ही८ आणि क्रायस्लरच्या मोठ्या गाड्यांना पाच नट, पण साडेचारावर. पाव इंचाचा फरक डोळ्यांना कळत नाही आणि नट तिरके आवळले जातात. शिवाय नटाचं तोंड रिमच्या भोकाशी जुळायला हवं. निमुळत्या भोकाला सपाट वॉशरचा नट लावला तर तो सैल होणारच. पुढे नंतर डिस्क ब्रेक बसवले असतील तर चौदा इंची चाक कॅलिपरवर जाईलच असं नाही, म्हणून टायर मागवायच्या आधी रिकामी रिम बसवून हाताने फिरवून बघा.

रिम हातात असतानाच नटांच्या भोकांभोवती आणि वेल्डिंगवर केसासारखी भेग आहे का बघा. या रिमा बायस-प्लायच्या काळातल्या, रेडियल त्यांना वेगळ्या तऱ्हेने वाकवतो. व्हीलकॅप उडते ती बऱ्याचदा यामुळेच.

मागे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारा) असेल तर दोन्ही मागचे टायर एकाच साइजचे, एकाच कंपनीचे आणि सारखेच झिजलेले हवेत. एक टायर जरा बुटका असला तरी आतले क्लच सरळ रस्त्यावरही घसरत राहतात आणि वेळेआधी संपतात. एकाच साइजचे दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात सारखे भरतातच असं नाही.

सगळं बरोबर, तरी गाडी भरकटते

मग अलाइनमेंट. हे घरी होत नाही, पण दुकानात काय मागायचं ते माहीत हवं. जुन्या मॅन्युअलमधला कॅस्टर (पुढचं चाक ज्या आसावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) शून्याच्या आसपास, काही गाड्यांना उणेसुद्धा. पॉवर स्टिअरिंग नसताना आणि बायस-प्लायवर हात दुखू नये म्हणून ते तसं होतं. रेडियलला अधिक कॅस्टर लागतो, दोन ते चार अंश, नाहीतर चाक आपोआप सरळ येत नाही. दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये मात्र १९७० चेच आकडे असतात, आणि पोरगा पडद्यावर हिरवं दिसलं की गाडी बाहेर काढतो. म्हणून कागदावर लिहून न्या: कॅस्टर अधिक दोन ते चार, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) शून्य ते उणे अर्धा, टो-इन (चाकांची पुढची टोकं आत वळणं) एक अष्टमांश इंचाच्या आत. जुन्या बुशिंगांवर तेवढा कॅस्टर मिळाला नाही तर किती मिळाला ते लिहून मागा.

इथे हात थांबवा

साइडवॉलमधून दोरे दिसत असतील, फुगा आला असेल किंवा घासून खोबण पडली असेल, तर गाडी चालवत दुकानात नेऊ नका, ट्रकवर घालून न्या. रिमला भेग दिसली, स्टड मोडला किंवा नटाचं भोक लंबगोल झालं, तरीही तसंच.

स्टिअरिंगमध्ये दोन बोटांपेक्षा जास्त ढिलाई असेल किंवा वर उचललेलं चाक हाताने हलवल्यावर खडखडत असेल, तर तो टायरचा प्रश्नच नाही. बॉल जॉइंट, टाय रॉड, बेअरिंग यांचं काम माहितगाराकडे द्या आणि ते होईपर्यंत अलाइनमेंटवर पैसे घालवू नका. दोन्ही बाजूंच्या मापांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक असेल आणि स्प्रिंगा ठीक असतील, तर चॅसिस मोजणाऱ्याकडे जा.

मडगार्डची कड आत वळवणं लोक घरी करतात. मी करत नाही. जुना रंग थंड असला की तडकतो, आणि आत पूर्वी भरलेलं पुट्टीचं काम असेल तर ते ताटलीसारखं निघून हातात येतं. रंगकाम करणाऱ्याकडून करून घ्या, नाहीतर पाव इंच अरुंद टायर घ्या. जाड स्पेसर लावून चाक बाहेर काढायचं असेल तर आधी त्या माणसाला विचारा जो त्याची लेखी जबाबदारी घेईल. मला अजून कुणी भेटला नाही.

टायर रिमवर चढवणं आणि बॅलन्सिंग दुकानातच. तिथे जाताना ग्लोव्ह बॉक्समध्ये एक चिठ्ठी ठेवा: मूळ साइज, तिची उंची, रिमची रुंदी, बॅकस्पेसिंग, अरुंद बाजूची जागा, हवेचा आकडा. माझ्या शेव्हेलच्या चिठ्ठीवर लिहिलंय: चौदा बाय सात, २२५/७०आर१४, लोड इंडेक्स ९८, उंची २६.४, हवा ३२, डाव्या मागच्या बाजूला जागा कमी.